बारा ते दोनच्या मधला रस

३ जून

प्रिय वहिनी,

शाळेत शनिवारच्या शेवटच्या तासाला आपण दोघी मोरीपाशी परीक्षानळ्या धूत उभ्या असायचो, आठवतं? सिस्टर खिडकीशी बसून वह्या तपासायच्या. तू धुतलेल्या नळीच्या तोंडाशी ओठ नेऊन फुंकायचीस. मोठ्या नळीचा आवाज जाड, लहानीचा बारीक. सिस्टर मान वर न करता म्हणायच्या, "माय डिअर, ब्रश वापर, ओठ नको." तासाभरापूर्वी त्याच नळ्यांत काय होतं याचा आपल्याला पत्ता नसायचा आणि तरी आपण जगलो. त्या शनिवारांत काही विशेष घडलं नव्हतं. म्हणूनच ते बरे आठवतात.

वहिनी म्हटलेलं तुला आवडत नाही, ठाऊक आहे. पण माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने माझ्याच दादाशी लग्न केलं त्याला माझा इलाज नाही. तूही मला वन्सं म्हणतेस, ते मी सोसतेच ना?

आता कामाचं. चौतीस वर्षं मी पदवीच्या मुलांकडून दुसऱ्यांनी रचलेले प्रयोग करून घेतले. सप्टेंबरअखेर निवृत्त होते आहे. जाण्यापूर्वी माझा स्वतःचा एक प्रयोग विद्यार्थ्यांच्या प्रयोगपुस्तिकेत असावा, एवढीच इच्छा आहे. आमचे विभागप्रमुख (माझेच विद्यार्थी, दुसऱ्या वर्षाला असताना त्यांनी दोनदा पिपेट फोडलं होतं) म्हणतात की आता सगळं संगणकाच्या पडद्यावर करायचं. मुलांनी चित्रातल्या ब्युरेटवर, म्हणजे थेंब सोडायच्या नळीवर, बोट ठेवलं की चित्रातला थेंब पडतो. चित्रातली ब्युरेट गळत नाही, फुटत नाही आणि कुणाला काही शिकवतही नाही. पण माझा प्रयोग रसायन-अध्यापनाच्या त्रैमासिकात छापून आला, तर तो पुस्तिकेत घेऊ आणि त्यासाठी भिंतीकडची टेबलांची रांग ठेवू, असं त्यांनी लेखी दिलं आहे.

त्रैमासिकाच्या संपादकांची अट अशी, की रसायनाचं शिक्षण नसलेल्या व्यक्तीने केवळ सूचना वाचून हा प्रयोग तीन वेळा करून दाखवावा. तुझ्याइतकं कमी रसायन येणारं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही.

प्रयोग सोपा आहे. संत्र्याचा रस उघडा ठेवला की त्यातलं क जीवनसत्त्व हळूहळू कमी होतं. चमचाभर रसात कॉर्नफ्लोअरचं पाणी घालायचं आणि पातळ केलेलं टिंक्चर आयोडीन थेंबथेंब सोडायचं. जीवनसत्त्व आहे तोवर थेंबाचा निळा रंग विरून जातो. संपलं की निळा टिकतो. किती थेंब लागले ते मोजायचं. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत, दर दोन तासांनी. सूचनांचे दोन कागद सोबत आहेत. फोन करून विचारायचं नाही. फोनवर आपण पाचव्या मिनिटाला तुझ्या सुनेवर पोचतो आणि रसायन तिथेच राहतं.

तुझी,
वन्सं

१२ जून

वन्सं,

तुझी चिठ्ठी, तुझे कागद, सगळं पोचलं. कमी रसायन येणारी म्हणून माझी निवड झाली हे वाचून ऊर भरून आला.

औषधवाल्याकडे टिंक्चर आयोडीन मागितलं तर त्याने काउंटरवरून वाकून माझे गुडघे पाहिले आणि कुठे पडलात म्हणून विचारलं. मी म्हटलं, संशोधन आहे. त्याने मग कापूससुद्धा बांधून दिला. फळवाल्याला सांगितलं की तीन दिवस एकाच ढिगातली संत्री हवीत आणि ती वैज्ञानिक कामासाठी आहेत. तो इतका गंभीर झाला की एकेक संत्रं कानाशी नेऊन वाजवून देऊ लागला. संत्रं वाजतं का गं?

थेंबांसाठी डोळ्यांच्या औषधाची जुनी बाटली उकळून घेतली. कप मोठा, काचेचा. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवते आहे. तुझ्या दादाला बजावून सांगितलं आहे की या कपाला हात लावायचा नाही. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून त्याला फळांचा रसही वर्ज्य आहे, तेव्हा तो नुसता लांबून बघतो. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस, तेव्हा माझ्या चमच्यातलं माप चूक आहे हे सांगायला मात्र तो जवळ येतो. काल म्हणाला, चमचा डोळ्यांच्या रेषेत धर. मी म्हटलं, तुमच्या डोळ्यांच्या की माझ्या? तेव्हापासून वर्तमानपत्र वाचतो आहे.

सोमवारी सुरुवात करते.

तुझी,
बळेबळे केलेली वहिनी

१९ जून

वन्सं,

प्रयोग झाला. आकडे खाली लिहिते. तिन्ही दिवस सारखेच आले, म्हणजे तुझ्या सूचना उत्तम आहेत.

आठ वाजता छत्तीस थेंब, दहाला पस्तीस, बाराला चौतीस, दोनला तेहतीस, चारला बत्तीस, सहाला एकतीस.

पाठ दुखते आहे. बाकी मजेत.

वहिनी

२३ जून

प्रिय वहिनी,

तुला काय म्हणू? मी पत्र हातात धरून प्रयोगशाळेत फेरी मारली. तिन्ही दिवस सारखे आकडे! सूचना इतक्या स्वच्छ उतरल्या असतील असं मलाही वाटलं नव्हतं. आजच्याच टपालाने लेख संपादकांकडे रवाना केला. तुझं कोष्टक तिसऱ्या पानावर आहे. विभागप्रमुखांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि छान म्हणाले. भिंतीकडच्या रांगेला त्यांनी हात लावून बघितलं, जणू ती त्यांनीच राखली आहे.

पाठीला शेक दे. दादाला नमस्कार.

तुझी,
वन्सं

२६ जून

वहिनी,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे.

आमच्या प्रयोगशाळेत एक सहायक आहेत. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणतं. माझ्याही आधीपासून द्रावणं तेच बनवतात. काल जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना कौतुकाने तुझं कोष्टक दाखवलं. मामांनी डबा बाजूला सरकवला, हात पुसले, कागद वाचला आणि विचारलं की हे कुठल्या तुकडीचं. मी म्हटलं, माझ्या वहिनीचं, घरी केलेलं. त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. मग म्हणाले, "बाई, हे हाताने केलेलं नाही. हे खुर्चीत बसून केलेलं आहे."

त्यांचं म्हणणं असं, की हाताने मोजलेला थेंब कधी एक जास्त पडतो, कधी एक कमी. अठरा वेळा मोजून एकदाही न चुकणारा माणूस त्यांनी पाहिला नाही, आणि पाहिला तेव्हा तो शेजारच्याच्या वहीतून उतरवत होता.

मी चौतीस वर्षं मुलांचे असले आकडे पकडले. तुझे पकडले नाहीत, कारण ते मला हवे होते.

रागावलेली नाही. खरंच नाही. पण लेख संपादकांकडे गेलेला आहे, आणि त्यात जे तुझ्या हातून घडलंच नाही ते मी माझ्या नावावर छापायला दिलं आहे. तू खरोखर मोजलं असशील, तर तो कच्चा कागद कुठेतरी असेल. खाडाखोड असलेला, डाग पडलेला, कसाही. तो पाठव. आणि मोजलंच नसशील तर तेही एका ओळीत लिही. मी लेख परत मागवीन.

वन्सं

१ जुलै

वन्सं,

तुझं पत्र वाचलं आणि डोळ्यांना पदर लावला. तुझ्या दादाने विचारलं काय झालं, तर मी म्हटलं कांदा चिरला. हातात कांदा नव्हता.

मोजलं गं. देवाशपथ तिन्ही दिवस मोजलं. सहाच्या सहा वेळा, घड्याळ लावून. सोबत कागद आहे. तो औषधाच्या खोक्याचा आतला पुठ्ठा आहे, वही सापडली नाही म्हणून.

तुझ्या सातव्या सूचनेत लिहिलं होतं की दर वेळी थेंब आधीपेक्षा कमी लागतील. पहिल्या दिवशी छत्तीस, चौतीस, बत्तीस असं शहाण्यासारखं उतरत गेलं, आणि दोन वाजता आले चौतीस. मी चमचा धुऊन परत केलं. परत चौतीस. मग तेहतीस, बत्तीस. दुसऱ्या दिवशी सदतीस, पस्तीस, तेहतीस, आणि दोन वाजता चौतीस. वाढलेच. तिसऱ्या दिवशी मात्र सरळ उतरलं: छत्तीस, चौतीस, बत्तीस, एकतीस, तीस, एकोणतीस.

मला वाटलं, मीच कुठेतरी शेण खाल्लं. शाळेत मला रसायनात किती मार्क पडायचे ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? तुझ्या आयुष्याचं एवढं एक काम, आणि ते माझ्या हाताने वाया जायचं. म्हणून मी जेवणाच्या टेबलाशी बसले आणि एकेक थेंब कमी करत गेले. किती छान दिसत होतं ते कोष्टक. मामांना सांग, खुर्चीतच बसले होते. त्यांनी बरोबर ओळखलं.

आता तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण लेख परत मागव. माझं नाव त्यात कुठे असेल तर खोड. तुझं राहू दे.

वहिनी

५ जुलै

प्रिय वहिनी,

पुठ्ठा मिळाला. त्यावर औषध जेवणानंतर घ्या असं छापलेलं आहे आणि त्याच्याखाली माझ्या कारकिर्दीतले सगळ्यात मोलाचे आकडे आहेत.

आधी स्वतःचं सांगते. लेख परत मागवला. संपादकांना खरं काय ते लिहिलं. विभागप्रमुखांनाही सांगितलं. ते हळहळले आणि त्यांनी पडद्यांचं माहितीपत्रक माझ्या टेबलावर ठेवलं.

चूक तुझी अर्धी आहे, माझी पूर्ण. सूचनेतच उत्तर लिहून ठेवायचं आणि मग माणसाने खरं मोजावं अशी अपेक्षा करायची. आमची मुलं हेच करतात. उत्तर काय यायचं ते त्यांना आधीच ठाऊक असतं, मग ती उलटं चालत आकड्यांपर्यंत येतात. मी त्यांना इतकी वर्षं रागावले, आणि स्वतः नवा प्रयोग रचला तो अगदी तसाच.

मग तीन दिवस मी तुझ्या वाढलेल्या थेंबांमागे लागले. आधी वाटलं पाणी उडून रस दाट झाला असेल. तसं असतं तर तिसऱ्या दिवशीही झालं असतं. मग बाटलीवर संशय घेतला, मग खिडकीतल्या उन्हावर. साडेतीन पानांचा सिद्धान्त लिहिला. मामांनी तो वाचला आणि म्हणाले, बाई, घरात आणखी कोण असतं?

मी ती पानं उलटी केली. मग गणित मांडलं. तिसरा दिवस नीट उतरला आहे, तेव्हा तो प्रमाण धरला. पहिल्या दिवशी दोन वाजता एकतीस यायला हवे होते, आले चौतीस. ताज्या रसाला छत्तीस लागतात; शिळ्या-ताज्यात फरक पाच थेंबांचा, त्यातले तीन जास्त आले. म्हणजे कपात पाच भागांपैकी तीन भाग रस ताजा होता. दुसऱ्या दिवशी पाचांत दोन. कुणीतरी बारा ते दोनच्या मध्ये रस प्यायलं आणि नवं संत्रं पिळून कप होता तेवढा भरून ठेवला. पहिल्या दिवशी अर्ध्याहून जास्त, दुसऱ्या दिवशी जरा बेताने. तिसऱ्या दिवशी प्यायलं नाही.

आता मला एवढंच सांग. पहिले दोन दिवस बारा ते दोन तू काय करत होतीस, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दादा कुठे होता?

तुझी,
वन्सं

१० जुलै

वन्सं,

बारा ते दोन मी झोपते. चाळीस वर्षं झोपते आहे आणि घरादाराला ते माहीत आहे. तिसऱ्या दिवशी तुझा दादा दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. सकाळी अकराला गेला तो तीनला आला, अर्धा गाल सुजवून.

पत्र मी जेवायला बसल्यावर मोठ्याने वाचलं. पाचांतले तीन भाग इथपर्यंत आले आणि समोरचा घास हवेतच थांबला. सून हसायची थांबेना. मी कप आणून तुझ्या दादापुढे ठेवला. त्याच्या काचेवर, मागच्या बाजूला, मेणाच्या पेन्सिलीची एक बारीक रेघ होती. इतके दिवस मी तो कप घासते आहे आणि मला दिसली नाही. बाकी तो स्वतःच लिहितो म्हणतो.

वहिनी

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद. घडलेलं असं. मी रस घेण्यापूर्वी पातळीची खूण केली होती आणि नंतर रस पिळून पातळी केसभरही न चुकता त्या खुणेपर्यंत आणली होती. आयुष्यभर जमिनीच्या हद्दी मोजल्या. हद्द जागेवर असली की आतलं जागेवर असतं, अशी माझी समजूत होती. रसाला हद्द पुरत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. साली मी बागेत पुरल्या, तेव्हा पुरावा उरला नव्हता असंच मला वाटत होतं. थेंब मोजून माणूस पकडता येतो हे शास्त्र म्हणून थोर आहे, आणि घरात असू नये.

तुझ्या लेखाचं नुकसान झालं याचं मात्र खरंच वाईट वाटतं. संपादकांना माझी कबुली लागत असेल तर सही करून देतो.

तुझा,
दादा

१६ जुलै

प्रिय वहिनी, प्रिय दादा,

कबुली पाठव, दादा. लागणार आहे.

तुझं पत्र मी मामांना वाचून दाखवलं. हद्दीपाशी आल्यावर ते उठले, फळ्याकडे गेले आणि परत आले. म्हणाले, बाई, हाच प्रयोग आहे. मुलांच्या जोड्या करायच्या. एका जोडीने दिवसात केव्हातरी गुपचूप रस काढायचा आणि ताजा घालायचा. किती, केव्हा, ते बंद लिफाफ्यात लिहून ठेवायचं. दुसऱ्या जोडीने फक्त थेंब मोजून सांगायचं, की कोणत्या दोन तासांत, किती. कुणाच्या वहीतून उतरवणार? प्रत्येक कपाचं उत्तर वेगळं, आणि ते पिणाऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही.

सातवी सूचना मी कापून टाकली. नव्याने आठ दिवसांत लिहून संपादकांकडे पाठवते आहे, वहिनीच्या पुठ्ठ्याच्या छायाचित्रासकट. तिसऱ्या पानावर पहिलं खोटं कोष्टकही ठेवलं आहे आणि ते का खोटं हे खाली लिहिलं आहे. वहिनी, तुला चालणार नसेल तर सांग, काढते.

वन्सं

२० जुलै

वन्सं,

ठेव. सगळ्या जगाला कळू दे. फक्त खुर्ची म्हणू नकोस. जेवणाचं टेबल म्हण, जरा बरं दिसतं.

तुझा दादा सारखा विचारतो की लेखात त्याला काय म्हटलं आहे. मी सांगते, चोर. तो म्हणतो, चोर नव्हे, पहिली जोडी.

वहिनी

२७ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

छापून आला.

काल विभागप्रमुखांनी प्रयोगशाळेच्या दारावर पुढल्या वर्षीच्या प्रयोगांची यादी लावली. अकरावा आपला आहे. भिंतीकडची रांग राहिली. पडदे खिडकीकडच्या रांगेत बसवताहेत, आणि मामा त्यांच्यावर फडकी वाळत घालायची का म्हणून विचारताहेत. दुपारी आम्ही प्रयोग पहिल्यांदा घेऊन पाहिला. एका जोडीने लिफाफ्यात काहीच घडलं नाही असं लिहून ठेवलं होतं. समोरच्या दोघी चार तास, दर तासाला, मोजत बसल्या. त्यांचे आकडे उतरत गेले, मध्ये एकदा एका थेंबाने वाढले, आणि त्यांनी ते तसंच लिहिलं. मग त्यातली उंच मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, मॅम, आम्हाला वाटतं कुणी प्यायलं नाही, हा थेंब आमचाच आहे. मी मान हलवली आणि पाणी प्यायला बाहेर गेले. तिच्यासमोर डोळे पुसणं बरं दिसलं नसतं.

तीन दिवसांनी माझा शेवटचा दिवस. कपाट रिकामं करते आहे. या पार्सलमध्ये अंकाच्या पाच प्रती आहेत. नीट वाच आणि सांगते तशाच दे. तू वाटायला बसलीस की जो दारात येईल त्याला देतेस.

एक प्रत फळवाल्याला. दुसऱ्या कोष्टकात त्याची संत्री आहेत. पान उघडून बोट ठेवून दाखव, नुसता अंक हातात देऊ नकोस.

एक औषधवाल्याला. तू पडली नव्हतीस हे त्याला कळायला हवं.

एक सुनेला, ती हसली म्हणून. तुमच्या घरी जेवणाच्या वेळी हसणारं कुणीतरी हवंच होतं.

एक दादाला. त्याची कबुली शेवटच्या पानावर पूर्ण छापली आहे, सहीसकट. संपादकांनी एक शब्द बदलला नाही. तो ती पाहुण्यांना वाचून दाखवील, तर दाखवू दे. पण रस मागितला तर आधी डॉक्टरांना विचार.

पाचवी तुझी. ती कुणाला द्यायची नाही, पाहायलासुद्धा नाही, निदान आठ दिवस. पहिल्या पानावर लेखाच्या शीर्षकाखाली दोघींची नावं आहेत. संपादकांनी विचारलं होतं की पहिलं कुणाचं घालायचं, ज्येष्ठतेने की पदवीने. मी कळवलं, ज्यांनी थेंब मोजले त्यांचं.

तुझी,
वन्सं